उघड कारणाशिवाय

१७३५ साली हानोव्हरचा वैद्य पॉल गॉटलीब वेर्लहोफ याने एका धडधाकट तरुणीची हकीगत लिहून ठेवली. मुलीचा घोळणा फुटला, मग रक्ताच्या उलट्या झाल्या, अंगावर जांभळे-काळे डाग उठले. वेर्लहोफ दरबारी वैद्य होता, निरीक्षणात चोख होता. रक्ताचा रंग, त्याची दाटी, डाग कुठे कुठे होते, सगळे त्याने टिपले, आणि या सगळ्याच्या आधी एक छोटीशी पुस्ती जोडली: उघड असे काही कारण नसताना. पुस्ती प्रामाणिक होती. सूक्ष्मदर्शकातून रक्त पाहून रोग ओळखण्याची रीत तेव्हा नव्हती, तर विषाणूची कल्पनाही कोणाला असणे शक्य नव्हते. पण कारण दिसत नाही आणि कारण नाही, या दोन विधानांत मोठे अंतर आहे, आणि पुढच्या दोन-अडीच शतकांत वैद्यकाने ते हळूहळू बुजवून टाकले. वेर्लहोफच्या आजाराला 'इडिओपॅथिक', म्हणजे आपला आपणच उद्भवलेला, असे विशेषण चिकटले आणि ते थेट रोगाच्या नावात जाऊन बसले. माझे म्हणणे असे की, प्रौढ माणसांच्या ज्या रक्तविकारांत शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच रक्तपेशींवर उठते, त्यांच्या इतिहासात संसर्गाचा पुरावा पहिल्या दिवसापासून हजर होता. त्याला दाराबाहेर ठेवले ते या एका विशेषणाने, आणि एकेक विषाणू ओळखण्याची चाचणी जसजशी हाती आली तसतसा त्या विशेषणाचा मुलूख आक्रसत गेला.

पहिला दिवस म्हणजे १९०४ सालचे व्हिएन्ना. युलिउस डोनाट आणि कार्ल लांडस्टाइनर हे दोघे एका विचित्र आजाराच्या मागे होते. रोगी थंडीत बाहेर जाऊन आला की थोड्या वेळाने त्याला हुडहुडी भरे आणि लघवी काळपट लाल होई. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून त्यांचा रंग मूत्रात उतरतो हे तोवर माहीत झाले होते. निदानासाठी रोग्याचे पाय बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवण्याची रीतही होती. डोनाट आणि लांडस्टाइनर यांनी हा सगळा प्रकार परीक्षानळीत घडवून दाखवला. रोग्याचे रक्तजल आणि तांबड्या पेशी एकत्र करून नळी बर्फात ठेवली, मग शरीराच्या तापमानापर्यंत उबवली. पेशी फुटल्या. नुसत्या गारव्यात फुटत नव्हत्या, नुसत्या उबेतही फुटत नव्हत्या. थंडीत रक्तजलातला एक पदार्थ पेशींना चिकटत होता आणि ऊब मिळताच पेशींचा नाश होत होता. पदार्थ रोग्याचा, पेशीही रोग्याच्याच. शरीर स्वतःविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि त्यांतून रोग होतो, याचा हा पहिला प्रायोगिक पुरावा. आता या रोग्यांच्या पूर्वेतिहासाकडे पाहावे. त्यांतल्या बहुतेकांना उपदंश, म्हणजे आपल्याकडे जिला गरमी म्हणत ती, झालेली होती किंवा आईकडून आलेली होती. उपदंश जिवाणूचा आजार आहे, विषाणूचा नव्हे, हे खरे. पण पुढे पेनिसिलिनने उपदंशाला आवर घातला आणि प्रौढांमधला हा जुनाट रक्तविकारही जवळजवळ दिसेनासा झाला. संसर्ग हटला, त्याच्या मागोमाग स्वतःवर उठणारी प्रतिकारशक्तीही हटली. एवढा ढळढळीत दाखला पहिल्याच उदाहरणात मिळाल्यावर पुढच्या प्रत्येक रोग्याला 'याआधी कोणता संसर्ग झाला होता?' हा प्रश्न विचारला जायला हवा होता.

तो विचारला गेला नाही, याचे एक कारण पाउल एअरलिख या माणसाच्या वजनात आहे. १९०१ मध्ये एअरलिख आणि त्याचा सहकारी मोर्गेनरोट यांनी बकऱ्यांना दुसऱ्या बकऱ्यांचे रक्त टोचून पाहिले. परक्या बकऱ्यांच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली, स्वतःच्या पेशींविरुद्ध होईनात. स्वतःलाच विष होण्याचे शरीराला भय असते, अशा अर्थाचा एक लॅटिन शब्दप्रयोग एअरलिखने यावरून घडवला, 'होरर ऑटोटॉक्सिकस'. मूळ लेखन सावधपणे वाचले तर त्याचा दावा एवढाच निघतो की असे घडू नये म्हणून शरीरात काही नियंत्रण असले पाहिजे. वाचणाऱ्यांनी त्याचा नियम केला: असे घडतच नाही. गंमत अशी की थंडीने लघवी लाल होणाऱ्या या रोगात रोग्याचे बोट बांधून बर्फात बुडवण्याचा प्रयोग खुद्द एअरलिखनेही केला होता. पुरावा त्याच्या हाताखालून गेला होता. १९०८ च्या सुमारास पॅरिसमध्ये विदाल आणि शोफार यांच्या शिष्यगणांनी प्रौढपणी होणाऱ्या काविळीत, म्हणजे तांबड्या पेशी फुटून होणाऱ्या काविळीत, रोग्याचे रक्तजल त्याच्याच पेशींची गुठळी करते किंवा त्या फोडते हे दाखवले. त्यानंतर जवळपास तीस वर्षे ते काम धूळ खात पडले. १९३८ मध्ये बॉस्टनच्या विल्यम डॅमेशेक आणि स्टीव्हन श्वार्त्स यांनी ते पुन्हा उकरून काढले.

वेर्लहोफच्या रोगाची वाट याला समांतर, पण वेगळी होती. १८८२ साली तुरिनमध्ये जुलिओ बिझोझेरो याने रक्तातल्या अतिसूक्ष्म चकत्या, ज्यांना आज आपण प्लेटलेट म्हणतो, रक्त थांबवण्याच्या कामी येतात हे दाखवले आणि त्या दशकातच या रोगात त्या चकत्या कमी असतात हे लक्षात आले. कमी का, यावर दोन पक्ष पडले. ब्रेस्लाउचा फ्रांक म्हणे की अस्थिमज्जेत त्या तयारच होत नाहीत. प्रागमधला पाउल काझ्नेल्सोन म्हणे की त्या तयार होतात, पण प्लीहेत मारल्या जातात. काझ्नेल्सोन तेव्हा वैद्यकाचा विद्यार्थी होता. १९१६ मध्ये त्याने आपल्या गुरूला, श्लोफर या शल्यविशारदाला, एका रोगी स्त्रीची प्लीहा काढून टाकण्यास राजी केले. प्लेटलेट भराभर वाढल्या. काझ्नेल्सोनचा अंदाज अर्धा बरोबर निघाला. उरलेला अर्धा १९५० मध्ये सेंट लुइसच्या विल्यम हॅरिंग्टनने स्वतःच्या अंगावर घेतला, अगदी शब्दशः. आपल्या रुग्णालयातल्या एका रोगी स्त्रीचे सुमारे अर्धा लिटर रक्त त्याने स्वतःच्या नसेत भरून घेतले. धडधाकट माणसाच्या रक्तात एका घनमिलिमीटरमध्ये दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. काही तासांत हॅरिंग्टनच्या दहा हजारांच्या खाली गेल्या, अंगावर रक्ताचे ठिपके उठले आणि आकडा पूर्ववत व्हायला अनेक दिवस लागले. मग सहकाऱ्यांनीही हा प्रयोग स्वतःवर करून घेतला. १९५१ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि रोग्याच्या रक्तद्रवात प्लेटलेट मारणारे काहीतरी असते यावर वाद उरला नाही. आजच्या कोणत्याही नीतिसमितीने या प्रयोगाला परवानगी दिली नसती, तो भाग वेगळा.

या देखण्या प्रयोगाने एक नुकसानही केले असे मला वाटते. 'कसे' या प्रश्नाचे उत्तर इतके लख्ख मिळाले की 'कशामुळे' हा प्रश्न मागे पडला. प्लेटलेट का कमी, तर प्रतिपिंडांमुळे. प्रतिपिंडे का, तर स्वतःविरुद्ध उठलेली प्रतिकारशक्ती. ती का उठली, तर इडिओपॅथिक. उत्तरांची साखळी तिसऱ्या कडीला संपत होती आणि पाठ्यपुस्तकाला तेवढी पुरत होती. तांबड्या पेशींच्या बाबतीतही तेच झाले. १९४५ मध्ये केंब्रिजच्या रॉबिन कूम्ब्स याने मूरंट आणि रेस यांच्या मदतीने पेशींना चिकटलेली प्रतिपिंडे ओळखणारी चाचणी काढली. दुसऱ्याच वर्षी बूर्मन, डॉड आणि लाउटिट यांनी तिच्या आधारे उपजत कावीळ आणि नंतर जडलेली कावीळ यांना वेगळे केले. चाचणी इतकी सोपी होती की जगभर पसरली. मुंबईत १९५२ साली भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'बॉम्बे' रक्तगट शोधला आणि १९५७ मध्ये परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात रक्तगटांचे संदर्भ केंद्र उभे राहिले, ते याच काळात. पुढे त्याचीच राष्ट्रीय संस्था झाली. निगेटिव्ह रक्तगटाच्या गरोदर बाईला आज 'कूम्ब्स' हे नाव दवाखान्याच्या चिठ्ठीवरून ठाऊक असते. पण चाचणी प्रतिपिंड दाखवते, ते कोणी चिथावले ते दाखवत नाही. एका उपकरणाने सगळे दिसू लागले की जे त्यात दिसत नाही ते नाहीच असे वाटू लागते.

चिथावणीच्या खुणा मात्र मिळतच होत्या. १९४३ मध्ये बॉस्टनच्या पीटरसन, हॅम आणि फिनलंड यांना एका प्रकारच्या न्यूमोनियातून उठलेल्या रोग्यांचे रक्तजल शीतकपाटात ठेवल्यावर तांबड्या पेशींची गुठळी करते आणि ऊब लागताच ती सुटते असे आढळले. काही रोग्यांत हा प्रकार नळीपुरता राहत नसे. पेशी अंगात फुटून पंडुरोग होई. या न्यूमोनियाला तेव्हा सर्रास 'विषाणूचा न्यूमोनिया' म्हणत, आणि इथेच विषाणूपक्षाची फजिती झाली. ईटन याने १९४४ मध्ये शोधलेला त्याचा घटक गाळणीतून पार जात असे, म्हणून विषाणू ठरला होता. १९६२ मध्ये चॅनक आणि हेफ्लिक यांनी तो जिवंत पेशींविना, साध्या पोषकद्रव्यावर वाढवून दाखवला. म्हणजे तो विषाणू नव्हताच. मायकोप्लाझ्मा नावाचा, भिंत नसलेला जिवाणू होता. एकदा तोंड पोळलेल्या वैद्यकाने पुढे ताकही फुंकून प्यायले तर त्याला दोष देता येत नाही. पण त्याच काळात दुसरा दुवा पक्का होत होता. बॉल्टिमोरच्या स्प्रंट आणि एव्हान्स यांनी १९२० मध्ये 'इन्फेक्शस मोनोन्यूक्लिओसिस' असे नाव दिलेल्या, तरुणांना होणाऱ्या ग्रंथिज्वरातही तांबड्या पेशींविरुद्ध अशीच प्रतिपिंडे सापडत होती. त्याच्या निदानाची १९३२ ची पॉल-बनेल चाचणीच मुळी अशी की रोग्याचे रक्तजल मेंढीच्या पेशींची गुठळी करते. मेंढीशी रोग्याचे काहीही वैर नसताना! ग्रंथिज्वराचा विषाणू प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशींत शिरतो आणि त्यांना सैरावैरा कामाला लावतो, याची ती पहिली खूण होती. विषाणू म्हणजे १९६४ मध्ये लंडनमध्ये एप्स्टाइन, अचोंग आणि बार यांना दिसलेला एप्स्टाइन-बार विषाणू, आणि ग्रंथिज्वराशी त्याचे नाते १९६८ मध्ये फिलाडेल्फियात हेन्ले पतिपत्नींनी जोडले. यावेळी फजिती झाली नाही.

तरीही प्रौढांच्या बाबतीत हा धागा कोणी ओढला नाही, आणि त्याचे कारण मुलांमध्ये आहे. लहान मुलांत गोवर, कांजिण्या किंवा साध्या सर्दीतापानंतर दोन-तीन आठवड्यांत प्लेटलेट धाडकन उतरतात आणि बहुतेकांच्या काही आठवड्यांत वा महिन्यांत आपोआप वर येतात. प्रौढांत बहुधा उलटे होते. सुरुवात केव्हा झाली ते सांगता येत नाही आणि आजार वर्षानुवर्षे रेंगाळतो. यावरून पाठ्यपुस्तकांनी सोयीची वाटणी केली: मुलांचा तो विषाणूनंतरचा, मोठ्यांचा तो अकारण. वाटणी निरीक्षणावर उभी होती, पण तिच्या पोटात एक न तपासलेले गृहीतक होते. ते असे की विषाणू येतो तो गाजावाजा करत येतो, आणि आला तसा जातो. वर्षानुवर्षे अंगात मुकाट बसून राहणारा विषाणू या चित्रात बसतच नव्हता. असा विषाणू असलाच तर त्याच्यामुळे होणारा आजारही रेंगाळणारा आणि सुरुवात नसल्यासारखाच दिसणार. म्हणजे 'अकारण' वाटणाऱ्या प्रौढ रोगाचे जे वर्णन, तंतोतंत तेच.

१९८२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या मॉरिस, कार्पाटकिन आणि सहकाऱ्यांनी समलिंगी पुरुषांमध्ये प्लेटलेट कमी होण्याच्या आजाराचा एक पुंजका नोंदवला. एड्सचा विषाणू तोवर सापडलाही नव्हता. तो १९८३ मध्ये पॅरिसमध्ये सापडला आणि त्याची रक्तचाचणी १९८५ मध्ये आली. चाचणी येताच कालपर्यंतच्या 'इडिओपॅथिक' रोग्यांपैकी काहींचे कारण एका ठिपक्यात दिसू लागले. १९८९ मध्ये हेपेटायटिस सी सापडला आणि तीच गोष्ट पुन्हा घडली. आक्षेप इथे लगेच येतो, आणि तो वाजवी आहे: दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असे होत नाही. प्रौढ माणसाला वर्षातून दोन-चारदा सर्दी होते, तेव्हा कोणत्याही रोगाच्या महिनाभर आधी एखादी सर्दी सापडायचीच. सर्दीपुरता हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. ठाण मांडून बसणाऱ्या विषाणूंची मात्र याहून कडक परीक्षा घेता येते. विषाणू दाबून पाहायचा आणि प्लेटलेट काय करतात ते बघायचे. १९८८ मध्ये स्विस डॉक्टरांच्या एका लहान चाचणीत एचआयव्हीबाधितांना झिडोव्ह्युडिन दिल्यावर त्यांच्या प्लेटलेट वाढल्या. हे औषध अस्थिमज्जेला त्रास देणारे, पंडुरोग आणणारे. रक्तपेशी घटवण्यासाठी बदनाम असलेल्या औषधाने एका जातीच्या पेशी वाढाव्यात, याचा अर्थ लावायला विषाणू मध्ये घ्यावाच लागतो. हेपेटायटिस सीच्या काही रुग्णांतही विषाणू गेल्यावर प्लेटलेट सुधारल्या. (१९९८ मध्ये इटलीत गास्बारिनी यांनी पोटातल्या हेलिकोबॅक्टर जिवाणूवर उपचार करून असाच परिणाम दाखवला. जपानमध्ये तो चांगला दिसतो, अमेरिकेत फारसा नाही, हे कोडे अजून आहे.)

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. विषाणू पेशी कमी करतो हे कबूल, पण त्यात स्वतःवर उठलेली प्रतिकारशक्ती कुठे आली? तो सरळ कारखान्यावरच हल्ला करत असेल. डेंग्यूच्या साथींनी प्लेटलेट हा शब्द मराठी घराघरांत पोचवला, पपईच्या पानांच्या रसासकट. पण डेंग्यूत प्लेटलेट उतरतात त्यात अस्थिमज्जा मंदावण्याचा वाटा मोठा असतो, आणि ताप ओसरला की त्या बहुधा आपसूक चढतात. १९७५ मध्ये लंडनमध्ये सापडलेला पार्व्होव्हायरस बी-१९ तर तांबड्या पेशींच्या जननपेशीच मारतो. एचआयव्हीही प्लेटलेट बनवणाऱ्या पेशींना बाधा करतो, म्हणून स्विस चाचणीचा अर्थ निव्वळ प्रतिपिंडांनी लावता येणार नाही. हे सगळे मान्य करूनही एक पुरावा उरतो. कार्पाटकिन यांच्याच प्रयोगशाळेने २००५ आणि २००९ मध्ये दाखवले की एचआयव्ही आणि हेपेटायटिस सी यांच्या प्रथिनांचे काही तुकडे प्लेटलेटच्या पृष्ठभागावरच्या एका प्रथिनाशी इतके मिळतेजुळते आहेत की विषाणूविरुद्धचे प्रतिपिंड प्लेटलेटलाही धरते. चोराचे वर्णन घरमालकाशी जुळले आणि शिपायाने घरमालकालाच बेडी घातली, असा हा प्रकार. पार्व्होव्हायरसच्या कथेतही एक वळण आहे. तो पेशीत शिरण्यासाठी 'पी' नावाच्या ज्या रक्तगट-रेणूचा आधार घेतो, हे १९९३ मध्ये कळले, तोच रेणू व्हिएन्नातल्या त्या थंडीच्या प्रतिपिंडाचे लक्ष्य आहे. यावरून मी काही सिद्ध करत नाही. पण वैद्यकाच्या इतिहासात एवढ्या लांबच्या दोन वाटा एका रेणूवर येऊन मिळाव्यात, हे नोंदवल्याशिवाय पुढे जाववत नाही.

तिसरा आक्षेप आकड्यांचा, आणि तो माझ्या म्हणण्याला खरोखर मर्यादा घालतो. प्रौढांतल्या या प्लेटलेट-विकाराच्या साधारण पाचांपैकी चार रोग्यांत आजही कोणताही दुसरा आजार सापडत नाही, असा एक बहुमान्य अंदाज आहे. उरलेल्या एकातही ल्युपस, रक्ताचे कर्करोग अशी विषाणूबाहेरची कारणे असतात. मग पाचांतल्या चौघांमागेही एखादा न सापडलेला विषाणू आहे असे म्हणावे का? नाही. तसे म्हटले तर 'अकारण'च्या जागी 'अज्ञात विषाणू' बसवल्यासारखे होईल, आणि ते जुन्या शब्दाइतकेच पोकळ असेल. ठिणगी टाकून निघून गेलेला विषाणू नंतर सिद्धही करता येत नाही, खोडताही येत नाही. इतिहासावरून बोलता येते ते एवढेच की त्या रकान्यातून रोगी आजवर बाहेरच पडत आले आहेत, आणि दर वेळी ते बाहेर काढले ते नव्या चाचणीने.

२००९ मध्ये रोदेगिएरो यांच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने या रोगाचे 'इडिओपॅथिक थ्रॉम्बोसायटोपेनिक पर्प्युरा' हे नाव बदलले. 'इडिओपॅथिक' गेले, 'इम्यून' आले. 'पर्प्युरा', म्हणजे जांभळे डाग, हा शब्दही वगळला, कारण कित्येक रोग्यांना डाग नसतातच. मात्र संक्षेप सर्वांच्या तोंडी बसलेला, म्हणून आयटीपी ही तिन्ही अक्षरे तशीच ठेवली. एका अक्षराचा अर्थ बदलला, एक निव्वळ सवयीखातर उरले. प्राथमिक आणि दुय्यम अशी वाटणी झाली आणि एचआयव्ही, हेपेटायटिस सी दुय्यमच्या यादीत दाखल झाले. एप्रिल २०२० मध्ये स्ट्रासबुर्गच्या डॉक्टरांनी कोविड झालेल्या ६५ वर्षांच्या एका स्त्रीच्या प्लेटलेट अशाच कोसळल्याचे नोंदवले. वेर्लहोफच्या काळी हीच बाई उघड कारणाशिवाय आजारी ठरली असती. यावेळी कारण आधीच दारात उभे होते.

२०२१ च्या वसंतात युरोपात अडिनोव्हायरसच्या वाहकावर बेतलेल्या कोविड लशीनंतर अगदी थोड्या लोकांत प्लेटलेट उतरणे आणि रक्ताच्या गुठळ्या होणे असे दोन्ही एकदम दिसले. भारतात सर्वाधिक दिली गेलेली, पुण्यात तयार झालेली लस याच सूत्राची होती, त्यामुळे हा विषय मराठी वर्तमानपत्रांतही बराच गाजला. चर्चा लशीभोवतीच फिरली. २०२३ मध्ये वॉरकेंटिन आणि सहकाऱ्यांनी दोन रोगी नोंदवले, एक पाच वर्षांचा मुलगा आणि एक ५८ वर्षांची स्त्री. दोघांच्याही प्लेटलेट उतरलेल्या, दोघांनाही गुठळ्या, आणि दोघांच्याही रक्तात त्या लशीनंतरच्या आजारात सापडणाऱ्या प्रतिपिंडांसारखीच प्रतिपिंडे. आजाराच्या आधी दोघांनाही ती लस टोचलेली नव्हती. दोघांना झाला होता तो अडिनोव्हायरसचा साधा संसर्ग, जो एरवी सर्दी-खोकल्यात जमा होतो.